बी४५० बोर्ड, पीएस५ आणि आतलं कॅप्चर कार्ड: ‘कुठल्याही स्लॉटला चालतं’ ह्यावर विसंबू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. फोंड्याला घरी पीएस५ आणि स्विच आहे. पीसीत रायझन ५ ५६०० प्रोसेसर, बी४५० चिपसेटचा मायक्रो-एटीएक्स बोर्ड, आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड आणि एम.२च्या (बोर्डावर थेट एसएसडी बसवायच्या) दोन्ही जागांवर एसएसडी. टीव्हीवर ४केत खेळायचं, पीसीवर रेकॉर्ड करायचं, अधूनमधून यूट्यूबला लाइव्ह जायचं. दुकानदार म्हणतो ४के६०चं (सेकंदाला ६० फ्रेमने ४के घेणारं) आतलं कॅप्चर कार्ड, म्हणजे कन्सोलचं चित्र पीसीत रेकॉर्ड करणारं कार्ड, घ्या, कुठल्याही स्लॉटला चालतं, गणेश चवथीच्या आधी मागवून देतो.

पैसे दिले नसतील तर दोन दिवस थांबा. तुमच्या यादीतली ‘दोन्ही एम.२ जागांवर एसएसडी’ ही एवढीशी नोंद सगळा व्यवहार फिरवू शकते. ह्याच गोष्टीने माझे सगळ्यात जास्त पैसे आणि तीन महिने खाल्ले, म्हणून इतकं लांब लिहितोय.

कार्ड स्लॉटमध्ये बसणं वेगळं आणि त्याला हव्या तितक्या लेन, म्हणजे डेटा वाहून नेणाऱ्या वाटा, मिळणं वेगळं. बोर्डावर खाली दिसणारा दुसरा लांब स्लॉट एक्स१६च्या (सोळा लेनच्या) मापाचा असतो, पण आत तारा बहुधा चारच लेनच्या, तेही सीपीयूकडून नाही, चिपसेटकडून, म्हणजे बोर्डावरच्या मदतनीस चिपकडून. बी४५०चा चिपसेट पीसीआयई ह्या स्लॉट-जोडणीची जुनी २.० पिढी देतो. काही बी४५० बोर्डांवर ह्या चार लेन दुसऱ्या एम.२ जागेशी वाटून घेतलेल्या असतात. तिथे एसएसडी लावली की खालचा स्लॉट सरळ बंद. इतर काही बोर्डांवर स्लॉट बंद होत नाही, त्याच्या लेन कमी होतात. हा दुसरा प्रकार जास्त वाईट, कारण कार्ड दिसतं, ड्रायव्हर बसतो, १०८०पीला सगळं छान चालतं. ४के६० लावलं की मग चित्र फाटतं, फ्रेम गळतात, मध्येच काळा पडदा येतो. माणूस केबल बदलतो, विंडोज नव्याने टाकतो, शेवटी कार्डाला दोष देतो.

हिशेब कागदावर मांडून बघा. पीसीआयई २.०ची एक लेन कागदोपत्री सेकंदाला ५०० एमबी नेते, प्रत्यक्षात त्याहून कमी. १०८०पी६० सिग्नल वाययूवाय२ ह्या व्हिडिओ फॉरमॅटमध्ये सेकंदाला साधारण २४९ एमबी होतो, म्हणजे एका लेनवर आरामात मावतो. १४४०पी६० त्याच फॉरमॅटमध्ये ४४२ एमबी, इथेच ओढाताण सुरू. ४के६० एनव्ही१२ ह्या आटोपशीर फॉरमॅटमध्ये ७४६ एमबी आणि एचडीआरसकट (जास्त उजेड-रंगांच्या चित्रासकट) पी०१० फॉरमॅटमध्ये जवळजवळ १,४९३ एमबी. एका लेनवर हे जाणारच नाही, मग कार्ड कितीही महाग असो. चार लेन मिळाल्या तर २,००० एमबीची वाट असते, त्यात एचडीआरसुद्धा बसतं.

म्हणून बोर्डाचं पूर्ण नाव, रिव्हिजनसकट, बघून कंपनीच्या साइटवरून मॅन्युअलची पीडीएफ उतरवा. सुरुवातीच्या पानांवर वैशिष्ट्यांचा तक्ता असतो. त्यात ‘एक्सपान्शन स्लॉट’ आणि ‘स्टोरेज’ हे दोन्ही भाग वाचा, खालच्या बारीक टिपांसकट. स्लॉट बंद होण्याची टीप पुष्कळदा स्टोरेजच्या भागात लपलेली असते, स्लॉटच्या भागात तिचा मागमूस नसतो. कार्ड आधीच हातात असेल तर एचडब्ल्यूइन्फो हे हार्डवेअरची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उघडून डावीकडे ‘बस’खाली कॅप्चर कार्ड शोधा. तिथे कमाल लिंक विड्थ आणि सध्याची लिंक विड्थ अशा दोन ओळी दिसतात. कमाल ४ आणि सध्या १ असेल तर निदान झालं.

आता ज्याचा राग अजून गेलेला नाही ते. माझं ४केचं कार्ड नेमकं असंच अडखळत होतं. विक्रेत्याच्या सर्व्हिस डेस्कला, नाव घेत नाही, ते दोनदा कुरिअरने पाठवलं. दोन्ही वेळा ‘तपासलं, कार्ड व्यवस्थित आहे’ अशी चिठ्ठी लावून परत आलं. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. त्यांच्या टेबलावरच्या पीसीत कार्ड वरच्या एक्स१६ स्लॉटला लावत होते, कारण तिथे वेगळं ग्राफिक्स कार्डच नव्हतं. सगळ्या लेन मिळाल्यावर ते चालणारच! पण तुम्ही कुठल्या स्लॉटला लावलंय, दुसऱ्या एम.२मध्ये काय आहे, हा एक प्रश्न त्या तीन महिन्यांत एकाही माणसाने विचारला नाही. फोनवर दर वेळी नवा माणूस, दर वेळी पहिल्यापासून कहाणी. तेवढ्यात माल परत घेण्याची मुदत संपली, कारण ती विक्रीच्या तारखेपासून मोजतात आणि कार्ड त्यांच्याकडे पडलेले दिवसही त्यातच धरतात. जाण्यायेण्याचं कुरिअर माझ्या खिशातून. ज्यांचा रोजचा धंदा हाच, त्यांनी हा प्रश्न फॉर्मवरच छापायला हवा, असं मला आजही ठामपणे वाटतं.

त्यातून एवढं नक्की करा. पणजी-मडगावच्या दुकानांत अशी कार्डं बहुधा मागवूनच मिळतात. तेव्हा जीएसटीचं पक्कं बिल घ्या, त्यावर सिरियल नंबर लिहून घ्या, आणि ‘माझ्या बोर्डाला जुळलं नाही तर किती दिवसांत परत घ्याल’ हे व्हॉट्सॲपवर लेखी विचारून ठेवा. बाहेरून आणलेला बिनबिलाचा माल हजार-दोन हजाराने स्वस्त पडेल, पण भारतातली वॉरंटी त्याला लागू होईलच असं नाही.

तुमच्यापुढे वाटा तीन. पहिली, दुसऱ्या एम.२मधली एसएसडी काढून तिच्याऐवजी केबलने जोडायची २.५ इंची साटा एसएसडी लावणं. खालचा स्लॉट चार लेनवर मोकळा झाला तर एल्गाटोचं ४के६० प्रो एमके.२ किंवा एव्हरमीडियाचं लाइव्ह गेमर ४के, म्हणजे जीसी५७३, अशी एक्स४ (चार लेनची) कार्डं चालतील. दोन्ही ४के६० एचडीआर रेकॉर्डही करतात आणि टीव्हीला पुढेही देतात. दुसरी, एक्स१ (एका लेनचं) कार्ड, उदाहरणार्थ एव्हरमीडियाचं लाइव्ह गेमर एचडी २. ते कुठल्याही मोकळ्या छोट्या स्लॉटला बसतं, फक्त आरटीएक्स ३०६० जाड असेल तर वरचा एक्स१ स्लॉट तिच्याखाली झाकला जातो, हे पट्टीने मोजून बघा. मात्र हे कार्ड टीव्हीलाही १०८०पी६०च देतं, म्हणजे तुमच्या ४के टीव्हीवर पीएस५ कायम १०८०पीत. स्विचला त्याने फरक पडत नाही, डॉकमधून पहिला स्विच १०८०पीच्या वर जातच नाही. पीएस५ टीव्हीवर ४केत हवा असेल तर मात्र मधे कार्डासाठी ४केचं १०८०पी करणारा (डाउनस्केल) एचडीएमआय स्प्लिटर लावावा लागेल आणि स्प्लिटर आला की डोकेदुखीचं आणखी एक ठिकाण वाढलं.

तिसरी वाट तुम्हाला आवडणार नाही, पण एसएसडी हलवायची नसेल तर मी तीच घेईन: आतल्या कार्डाचा हट्ट सोडणं. एल्गाटो एचडी६० एक्ससारखं यूएसबी ३.०चं बाहेरचं कार्ड टीव्हीला ४के६० एचडीआर देतं आणि पीसीवर १०८०पी६० रेकॉर्ड करतं. यूट्यूबच्या लाइव्हला तेवढं पुरतं. हे माझं मत, ४केत एडिट करायचंच असेल तर पहिली वाट धरा. फक्त बाजारात मिळणारी अगदी स्वस्त यूएसबी २.०ची काडी घेऊ नका. डब्यावर ‘४के’ छापलेलं असतं, ते आत घेण्यापुरतं. बाहेर मिळतं दाबलेलं १०८०पी, तेही बहुतेक ३० फ्रेमला, आणि त्यातल्या एमएस२१०९ चिपचा आवाज विंडोजमध्ये मोनो दिसतो.

आणखी एक, पीएस५ला ४के१२० (सेकंदाला १२० फ्रेम) वापरत असाल तर एचडीएमआय २.०ची कार्डं ते पुढे देत नाहीत. त्यासाठी एचडीएमआय २.१ची नवी कार्डं लागतात. तुमचा टीव्ही ६० हर्ट्झचा असेल तर ह्या भानगडीत पडू नका.

कार्ड बसवणं सोपं आहे, त्यावर वेळ घालवत नाही. फक्त ४केची कार्डं चांगलीच तापतात, ग्राफिक्स कार्डाच्या पंख्याला चिकटून लावू नका. कन्सोलची केबल ‘इन’ला, टीव्हीची ‘आउट’ला. उलटं लावून ‘सिग्नल नाही’ म्हणणारे खूप भेटतात. पीएस५वर सेटिंग्ज, सिस्टीम, एचडीएमआय इथे जाऊन एचडीसीपी (कॉपी रोखणारं संरक्षण) बंद करा, नाहीतर रेकॉर्डिंगमध्ये काळा पडदा येईल. ते बंद असताना सिनेमाची ॲप्स चालत नाहीत, तेव्हा घरच्यांना आधी सांगून ठेवा. रंग धुतल्यासारखे फिके आले तर कार्ड खराब नाही, एचडीआर सिग्नल एसडीआर (साधं चित्र) म्हणून वाचला जातोय. सरळ उपाय, पीएस५वर एचडीआर बंद. आवाज येत नसेल तर पीएस५चा ऑडिओ लिनिअर पीसीएमवर आणा. ओबीएस ह्या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमधला प्रिव्ह्यू बघून खेळू नका, तो काही फ्रेम मागे असतो. खेळायचं टीव्हीकडे बघून.

आता आपल्याकडचा खास धोका. पीएस५ची पॉवर केबल दोन पिनची, तिला अर्थिंगच नाही. त्यामुळे पीएस५च्या एचडीएमआय टोकाच्या धातूवर गळतीचा हलका करंट असतो. टेस्टर टेकवला तर आतला दिवा मंद लाल पेटतो. तुमचा पीसी मात्र तीन पिनचा, अर्थ केलेला. चालू स्थितीत केबल खुपसली की तो फरक एचडीएमआयच्या वाटेनेच निचरतो, कधी बारीक ठिणगीही दिसते, आणि कार्डाचा इनपुट पोर्ट त्यात जाऊ शकतो. त्यात टीव्हीच्या मागे केबल टीव्हीची बाहेरून आलेली गोल वायर, म्हणजे कोअ‍ॅक्स असेल तर पावसाळ्यात विजेच्या झटक्यालाही वाट मिळते. तेव्हा पीसी, कन्सोल, टीव्ही एकाच अर्थिंगवाल्या सॉकेटवरून घ्या आणि एचडीएमआय काढण्या-घालण्याआधी भिंतीवरचं बटण बंद करा. रिमोटने बंद करणं पुरेसं नाही. जांभ्या दगडाच्या जमिनीत एप्रिल-मेमध्ये अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि अर्थिंग नावालाच उरतं. मी इलेक्ट्रिशियन नाही, परवानाधारक माणसाकडून एकदा मोजून घ्या.

दमटपणाचंही तसंच. महिना-दोन महिने कार्ड काढून ठेवणार असाल तर सिलिका जेलच्या पुडीसह बंद पिशवीत ठेवा. सोनेरी पट्ट्यांवर मळकट थर आला तर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या मऊ कपड्याने पुसा. खोडरबराने घासायचा सल्ला देणारे बरेच आहेत, मी देणार नाही, त्याने सोन्याचा मुलामाच झिजतो.

रेकॉर्डिंग ओबीएसमध्ये एमकेव्हीत करा, एमपी४त नको. जूनमध्ये लाइट मधेच गेली की साधी एमपी४ फाइल उघडतच नाही, एमकेव्ही त्या क्षणापर्यंतची शाबूत राहते आणि नंतर ओबीएसमधूनच रीमक्स करून (फक्त फाइलचा प्रकार बदलून) एमपी४ करता येते. आरटीएक्स ३०६०मधला एनव्हीएन्क हा व्हिडिओ एन्कोडर वापरा, सीपीयूवर भार नको. ५० एमबीपीएसने (सेकंदाला ५० मेगाबिटने) एक तास रेकॉर्ड केलं तर साधारण २२.५ जीबी होतात, साटा एसएसडी घेताना हे धरून घ्या. आणि फक्त छोट्या क्लिप हव्या असतील तर पीएस५चं क्रिएट बटण शेवटच्या तासाभरापर्यंतचं खेळणं जपून ठेवतं. त्यासाठी कार्ड लागतच नाही.

तर दुकानदाराला होकार देण्याआधी बोर्डाचं पूर्ण नाव आणि मॅन्युअलमधल्या त्या स्टोरेजच्या पानाचा फोटो इथे टाका. सोबत केस उघडून ग्राफिक्स कार्डाच्या खाली किती स्लॉट मोकळे दिसतात त्याचाही एक. ते पाहिल्यावर एक्स४ की एक्स१ हे नेमकं सांगतो.