१० अँपिअरच्या रिलेवर एक एचपीची मोटर थेट चालवावी का?

तुम्ही विचारले आहे की, गच्चीवरच्या टाकीत फ्लोट स्विच (पाण्याच्या पातळीबरोबर वर-खाली होणारा स्विच) बसवून, नोडएमसीयू बोर्ड (प्रोग्रॅम करता येणारा छोटा नियंत्रक) आणि पाच व्होल्टचे निळे रिले मॉड्यूल (बोर्डाच्या इशाऱ्यावर चालणारा विद्युत स्विच) वापरून हौदाजवळची एक एचपीची सिंगल फेज मोनोब्लॉक मोटर आपोआप चालू-बंद करायची आहे. रिलेवर १० अँपिअर छापलेले आहे, मोटर तर सहा-सात अँपिअरच घेते, मग ती थेट जोडली तर चालेल का, आणि वायर दीड चौरस मिलिमीटरची घ्यावी की अडीचची? थेट जोडली तर मोटर चालेल, कदाचित काही महिने बिनतक्रार चालेल, आणि नेमक्या याच कारणासाठी मी सविस्तर लिहीत आहे, कारण यातला धोका पहिल्या दिवशी दिसत नाही. रिलेने मोटर चालवू नका. रिलेने कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटरसारख्या भारासाठीच बनवलेला मोठा रिले, चालवा आणि कॉन्टॅक्टरने मोटर.

रिलेवर छापलेला १० अँपिअरचा आकडा हीटर किंवा इस्त्रीसारख्या भारासाठी असतो, म्हणजे जो भार चालू करताना आणि चालू असताना जवळपास सारखाच प्रवाह घेतो त्यासाठी. मोटरचे तसे नाही. एक एचपी म्हणजे ७४६ वॅट ही तिच्या शाफ्टवर मिळणारी शक्ती. कार्यक्षमता आणि पॉवर फॅक्टर धरले तर २३० व्होल्टवर तिचा चालू प्रवाह सहा अँपिअरच्या आसपास येतो, आणि नेमका आकडा तिच्या नेमप्लेटवर असतो. पण थांबलेली मोटर सुरू होताना, रोटर वेग घेईपर्यंतच्या अर्ध्या-एक सेकंदात, ती याच्या पाच ते सात पट, म्हणजे ३० ते ४० अँपिअर ओढते. रिलेचे पॉइंट, म्हणजे आतले संपर्काचे तुकडे, मिटताना एकदम स्थिर बसत नाहीत. ते काही मिलिसेकंद एकमेकांवर आपटून उसळतात आणि त्या प्रत्येक उसळीत ४० अँपिअरची ठिणगी पडते. चांदीच्या मिश्रधातूचा पृष्ठभाग कणाकणाने वितळतो आणि एक दिवस दोन्ही पॉइंट एकमेकांना चिकटतात. मग बोर्डाने कितीही वेळा ‘बंद’ सांगितले तरी मोटर बंद होत नाही.

माझ्या गावच्या घरी हेच घडले आहे. मीही तो आकडा वाचून रिले थेट जोडला होता आणि सुमारे चार महिन्यांनी एका रात्री पॉइंट चिकटले. टाकी भरून वाहिली, नंतर हौद रिकामा झाला आणि सकाळपर्यंत मोटर कोरडी फिरत राहिली. तिचे मेकॅनिकल सील गेले आणि बेअरिंगही बदलावे लागले. त्या रात्री घरात वयस्कर माणसे एकटी होती आणि मोटरचा मेन स्विच अंगणाच्या टोकाला होता, ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते. त्यामुळे तुम्ही कोणतीही पद्धत वापरा, हाताने बंद करता येईल असा डबल पोल (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा) स्विच घरातून सहज हात पोहोचेल अशा जागी असलाच पाहिजे.

कॉन्टॅक्टर घेताना दुकानात ‘एसी-३ श्रेणीत १२ अँपिअर, कॉइल २३० व्होल्ट एसी’ असे पूर्ण सांगा. एसी-३ ही मोटरसाठीची श्रेणी आहे. त्याच कॉन्टॅक्टरवर एसी-१ चा आकडा बराच मोठा छापलेला असतो, तो हीटरसारख्या भाराचा असतो, आणि तो पाहून घेतले तर रिलेची चूकच पुन्हा होते. एवढ्या कॉन्टॅक्टरची कॉइल ओढून घेताना क्षणभर ०.३ अँपिअरच्या आसपास आणि नंतर धरून ठेवायला त्याहून कितीतरी कमी प्रवाह घेते, त्यामुळे तुमचा निळा रिले हे काम आरामात करतो. रिलेचे कॉमन आणि एनओ (एरवी उघडा राहणारा) हेच दोन पॉइंट वापरा, म्हणजे बोर्डाचा पुरवठा गेला की मोटरही बंद होईल.

कॉन्टॅक्टरखाली ओव्हरलोड रिले, म्हणजे मोटर जास्त प्रवाह घेत राहिली तर तिला बंद करणारा रिले, बसवा. येथे एक बारकावा बहुतेक जण विसरतात. हे ओव्हरलोड रिले तीन फेजसाठी बनवलेले असतात आणि तिन्ही पोलमधून सारखा प्रवाह गेला नाही तर त्यांतले पुष्कळसे फेज गेली असे समजून विनाकारण ट्रिप होतात. म्हणून सिंगल फेजमध्ये फेज पहिल्या पोलमधून नेऊन दुसऱ्या पोलमधून परत फिरवावी आणि तिसऱ्या पोलमधून न्यूट्रल न्यावी, म्हणजे तिन्ही पोलमधून तोच प्रवाह जातो. त्याचे ९५ आणि ९६ क्रमांकाचे पॉइंट कॉन्टॅक्टरच्या कॉइलच्या वाटेत घाला आणि रिसेट हातानेच करावा लागेल अशा स्थितीत ठेवा. सॉलिड स्टेट रिलेचा (हलते पॉइंट नसलेल्या इलेक्ट्रॉनिक रिलेचा) विचार मनात असेल तर तो सोडा. तो तापतो, त्याला मोठे हीट सिंक लागते आणि बिघडतो तेव्हा बहुधा चालू स्थितीतच अडकतो.

कॉन्टॅक्टर लावल्यावर एक नवी तक्रार येईल: कॉइल बंद होताना उठणाऱ्या व्होल्टेजच्या झटक्याने नोडएमसीयू स्वतःहून रिसेट होईल. यावर उपाय म्हणजे कॉइलच्या दोन टोकांना समांतर ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि १०० ओहमचा रेझिस्टर यांची एकसर जोडणी. हा कपॅसिटर एक्स-२ वर्गाचा (थेट मेन्सवर लावण्यासाठी बनवलेला), २७५ व्होल्ट एसी असे छापलेलाच हवा. तुमच्या डब्यातील ‘१०४’ लिहिलेला सिरॅमिक कपॅसिटर बहुधा ५० व्होल्टचा असेल. त्याचे मूल्य तेच असले तरी तो येथे फुटेल.

मॉड्यूलऐवजी सुटा रिले वापरणार असाल तर त्याची पाच व्होल्टची कॉइल सुमारे ७० मिलिअँपिअर घेते आणि ईएसपी८२६६ ची (नोडएमसीयूवरच्या चिपची) पिन तेवढा प्रवाह देऊ शकत नाही. मध्ये २एन२२२२ ट्रान्झिस्टर, त्याच्या बेसला एक किलोओहम आणि कॉइलला उलटा १एन४००७ डायोड, पट्ट्याची बाजू पाच व्होल्टकडे, एवढे पुरते. पिन डी१ किंवा डी२ घ्या, कारण बोर्ड सुरू होताना काही पिना क्षणभर हाय, म्हणजे चालू, होतात आणि तेवढ्यात मोटरला विनाकारण झटका बसतो. पाच व्होल्टसाठी बीआयएसची खूण असलेला चांगला मोबाइल चार्जर वापरा. फक्त कपॅसिटर आणि डायोड लावून २३० व्होल्टवरून थेट पाच व्होल्ट काढणारे सर्किट अजिबात बनवू नका. त्यात तुमचा बोर्ड, प्रोग्रॅमिंगची केबल आणि लॅपटॉप हे सर्व मेन्सला जोडले जातात. ब्रेडबोर्डवरही २३० व्होल्ट कधी आणू नका. झिरो पीसीबीवर (छिद्रे आणि तांब्याचे ठिपके असलेल्या कोऱ्या पट्टीवर) रिले बसवला तर मेन्सची बाजू आणि पाच व्होल्टची बाजू यांत निदान सहा मिलिमीटर मोकळी जागा सोडा आणि मधले तांब्याचे ठिपके खरवडून काढा, कारण दोन छिद्रांमधले अडीच मिलिमीटर अंतर दमट हवेत आणि धुळीत पुरेसे नसते.

आता वायर. सहा अँपिअर वाहून न्यायला दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर पुरते, पण येथेही सुरू होण्याचा क्षणच महत्त्वाचा आहे. मीटरपासून मोटर ३० मीटर दूर असेल तर जाऊन-येऊन ६० मीटर वायर होते. दीडच्या वायरचा रोध किलोमीटरला सुमारे १२ ओहम असतो, म्हणजे ६० मीटरला ०.७३ ओहम, आणि ४० अँपिअरला जवळपास २९ व्होल्ट वायरीतच जातात. अडीचच्या वायरीत तेच १८ व्होल्ट होतात. इंडक्शन मोटरचा टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो, त्यामुळे उन्हाळ्यात संध्याकाळी व्होल्टेज आधीच पडलेले असताना दीडच्या वायरीवरची मोटर नुसती गुणगुणत राहते आणि तापते. अडीचचीच घ्या, आयएस ६९४ (वायरीचे भारतीय मानक) छापलेली. दुकानदार जुन्या सवयीने ‘तीन-वीस’ किंवा ‘सात-बावीस’ म्हणाला तर गोंधळू नका: तीन-वीस म्हणजे सुमारे दोन चौरस मिलिमीटर आणि सात-बावीस म्हणजे पावणेतीनच्या जरा वर.

मोटरसाठी स्वतंत्र १० अँपिअरचा, सी कर्व्हचा एमसीबी (जास्त प्रवाहाला आपोआप पडणारा स्विच) लावा; कर्व्ह म्हणजे किती पट प्रवाहाला तो तत्काळ पडतो त्याचा प्रकार. बी कर्व्हचा एमसीबी तीन ते पाच पट प्रवाहाला तत्काळ पडू शकतो, म्हणून तो मोटर सुरू करतानाच पडण्याची शक्यता असते. एमसीबी वायरीचे रक्षण करतो, माणसाचे नाही. हौदाजवळ ओल्या हाताने मोटरला स्पर्श होतो, म्हणून ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (प्रवाह गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) आणि मोटरच्या बॉडीला पक्के अर्थिंग या दोन्ही गोष्टी हव्यात, यांपैकी एकीने भागणार नाही. रंगांबाबतही सावध राहा. आपल्याकडे लाल, पिवळा व निळा हे फेजचे रंग, न्यूट्रल काळी आणि अर्थ हिरवी असते. परदेशी उपकरणाच्या केबलमध्ये मात्र निळी वायर न्यूट्रल असते आणि फेज तपकिरी. त्यामुळे रंगावर विश्वास न ठेवता प्रत्येक वेळी मीटरने तपासा. आणि त्या स्वस्त पिवळ्या मल्टिमीटरने मोटरचा प्रवाह मोजू नका. त्याच्या १० अँपिअरच्या सॉकेटला फ्यूज नसतो, त्यासाठी क्लॅम्प मीटर (वायर न तोडता तिच्याभोवती चिमटा लावून प्रवाह मोजणारे) मागून आणा. २३० व्होल्टच्या बाजूची जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या, तुम्ही त्याच्याबरोबर उभे राहा आणि आराखडा तुमचा द्या.

फ्लोट स्विचमधून फक्त ३.३ किंवा ५ व्होल्टच न्या. बाजारात २३० व्होल्टवर चालणारे फ्लोटही मिळतात, परंतु पिण्याच्या पाण्यात मेन्सची वायर सोडणे मला कोणत्याही परिस्थितीत पटत नाही. ती बारीक वायर मोटरच्या वायरीबरोबर एकाच पाइपमधून नेऊ नका. बोर्डापाशी ४.७ किलोओहमचा पुल-अप (पिन एरवी हाय ठेवणारा रेझिस्टर), ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि शक्य असल्यास पीसी८१७ ऑप्टोकपलर (दोन बाजू विजेने अलग ठेवून प्रकाशाने संकेत देणारा भाग) लावा. प्रोग्रॅममध्ये वेळेची मर्यादाही घाला: टाकी भरायला २५ मिनिटे लागत असतील तर ३५ मिनिटांनी, फ्लोट काहीही सांगो, मोटर बंद झाली पाहिजे.

सर्व जोडून झाल्यावर आधी मोटरच्या जागी १०० वॅटचा बल्ब लावा आणि फ्लोट हाताने दहा-वीस वेळा वर-खाली करून पाहा. मग मोटर जोडा, ती पाणी उपसत असताना क्लॅम्प मीटरने प्रवाह मोजा, तो नेमप्लेटच्या आत असल्याची खात्री करा आणि ओव्हरलोड नेमप्लेटच्या आकड्यावर ठेवा. शेवटी मेन स्विच बंद करून पुन्हा चालू करा आणि काय होते ते पाहा. वीज परत आल्यावर मोटर निदान दोन मिनिटे थांबून सुरू होईल अशी सोय ठेवा, कारण वीज येताच गल्लीतल्या सगळ्या मोटरी एकदम सुरू होतात आणि त्या दोन मिनिटांत व्होल्टेज सर्वांत खाली असते.