मॉरिशसची क्रिओल भाषा म्हणजे तुटकी फ्रेंचच ना? ऐकून हसू येत नाही?

येतं की. पण बहुतेक वेळा हसं माझंच झालं.

कामानिमित्त दोन वर्षं पोर्ट लुईला होतो. पहिल्याच आठवड्यात जेवताना शेजारचा माझ्याकडे बघून म्हणाला, "दिलो?" मला ऐकू आलं ‘दिल लो’. म्हटलं, इतक्यात? त्याला पाणी हवं होतं.

फ्रेंचमध्ये पाणी म्हणजे नुसतं ‘ओ’. ‘द लो’ म्हणजे थोडं पाणी. क्रिओलमध्ये ते सगळं चिकटून ‘दिलो’ झालं. तसंच भाताचं ‘दिरी’. का? तर हे शब्द शाळेत कुणी शिकवलेच नाहीत. १७१५ नंतर फ्रेंचांनी मादागास्कर आणि मोझांबिककडून माणसं धरून आणली. १७२३च्या फर्मानानुसार ती मालकाची जंगम मालमत्ता. एकाची भाषा दुसऱ्याला कळेना, मग मुकादमाच्या ओरडण्यातून कानावर पडेल ती फ्रेंच घेतली आणि तिची स्वतःची भाषा केली. तिला तिचं व्याकरण आहे. तुटकी बिटकी काही नाही.

पुढे बेट इंग्रजांकडे गेलं. १८३५ मध्ये त्यांनी गुलामी बंद केली, तेव्हा भरपाई मिळाली मालकांना! सुटलेल्यांना दमडी नाही, उलट १८३९ पर्यंत ‘शिकाऊ’ म्हणून त्याच मळ्यात राबायचं. त्यांच्या जागी करारावर हिंदुस्थानी मजूर आणले, त्यात मुंबई बंदरातून गेलेली आपली कोकणातली माणसंही होती. करार पाच वर्षांचा, आणि एक खाडा झाला की दोन दिवसांची मजुरी कापायची. त्यांची पतवंडंही आज घरात क्रिओलच बोलतात. मराठी उरली ती आरतीत आणि शाळेच्या तासाला.

उच्चारांचं म्हणाल तर फ्रेंच ‘जोली’ (सुंदर) क्रिओलमध्ये ‘जरा’तल्या ‘ज’ने म्हणतात. आपल्या जिभेला तो ‘ज’ काय जड? पण मी क्लासात शिकलेली शुद्ध फ्रेंच पाजळायला गेलो, तर अख्खं कँटीन ओरडलं, "आले ग्रां ब्लां!" ग्रां ब्लां म्हणजे उसाच्या मळ्यांचे गोरे मालक. त्या घराण्यांकडे आजही भरपूर जमीन आहे, त्यामुळे हा टोमणा जुना झालेला नाही.

तिथल्या माझ्या एका मराठी मित्राचं आडनाव म्हणजे त्याच्या खापरपणजोबांचं पहिलं नाव, बंदरावरच्या कारकुनाला ऐकू आलं तसं लिहिलेलं. मी ते आपल्या पद्धतीने नीट उच्चारून दाखवलं. तो शांतपणे म्हणाला, "चुकतंय तुझं," आणि मला तीनदा म्हणायला लावलं.