मनगटातलं पहिलं इंजेक्शन
कार्पल टनेलसाठी, म्हणजे मनगटात मीडियन नर्व्ह (बोटांकडे जाणारा मज्जातंतू) दबते त्यासाठी, स्टिरॉइडचं इंजेक्शन देताना आधी पेशंटला अंगठा-करंगळी जुळवून मनगट किंचित वाकवायला सांग. मधोमध दोरीसारखा उठतो तो पाल्मारिस लाँगस या स्नायूचा कंडरा (टेंडन). मीडियन नर्व्ह त्याच्या आसपासच असते, म्हणून सुई त्याच्या करंगळीकडच्या बाजूने, बोटांच्या दिशेने तिरकी घाल. फार करंगळीकडेही नको, तिथे अल्नर धमनी आहे. काहींना ही दोरी नसतेच. मग सोनोग्राफीवर बघूनच दे.

मी प्रत्येकाला आधीच सांगते, ‘बोटांत करंट मारल्यासारखं झालं तर लगेच बोला.’ तसं झालं की सुई मागे घे. औषध ढकलायला जोर लागला तरी थांब, कधीच रेटू नकोस. डायबेटिस असेल तर स्टिरॉइडमुळे काही दिवस साखर वाढू शकते, हे सांगून ठेव. अंगठ्याखालचा उंचवटा सुकलेला दिसला (नर्व्ह फार दबल्याची खूण) तर वेळ न घालवता सर्जनकडे पाठव.