बाळसे धरेपर्यंत थांबावे का?

प्रश्न : माझा नातू २६ दिवसांचा आहे. दूध पिताना त्याला धाप लागते आणि कपाळाला घाम फुटतो. टूडी एकोमध्ये महाधमनी एका जागी अरुंद असल्याचे दिसले असून डॉक्टर तातडीने शस्त्रक्रिया करा म्हणतात. वजन जेमतेम तीन किलो आहे. बाळसे धरेपर्यंत थांबावे का? नळीवाटे आत फुगा नेऊन ती अरुंद जागा ताणली तर काम भागणार नाही का? हृदय थांबवावे लागते का?
– एक आजी

उत्तर : आपली काळजी मला समजते, तरीही थांबू नये असेच मी आग्रहाने सांगेन. ज्या दोषामुळे बाळाचे अंग धरत नाही, तो दूर झाल्यावाचून त्याला बाळसे येणार नाही. गर्भात उघडी असणारी डक्टस नावाची रक्तवाहिनी जन्मानंतर मिटते आणि ती जिथे महाधमनीला मिळते नेमका तोच भाग आवळला जातो. म्हणून जन्मतः ठणठणीत वाटलेले बाळ पुढे काही दिवसांत एकाएकी गळून जाते. हृदयाच्या डाव्या कप्प्यावर ताण येतो, मूत्रपिंडे, आतडी आणि पाय यांना रक्त अपुरे पडते आणि जांघेतील नाडी हाताला नीट लागत नाही. फार खालावलेल्या बाळाला प्रोस्टाग्लँडिनचे औषध शिरेवाटे देऊन डक्टस पुन्हा उघडतात व त्याला आधी सावरतात.

दोष एवढाच असेल, तर हृदय थांबवावे लागत नाही. डाव्या बरगड्यांमधून छाती उघडून महाधमनीला थोडा वेळ चिमटे लावतात, अरुंद भाग डक्टसच्या पेशींसह कापून काढतात आणि निरोगी टोके तिरकी, रुंद करून जोडतात. १९४४ मध्ये स्टॉकहोमला क्लॅरेन्स क्राफूर्ड यांनी ही शस्त्रक्रिया प्रथम केली तेव्हा रुग्ण १२ वर्षांचा होता. तान्ह्या बाळांत मात्र साधा गोल जोड पुन्हा आवळतो असा अनुभव आल्यामुळे आजची तिरकी, लांब जोडणी रूढ झाली. याच कारणाने इतक्या लहान वयात फुगाही पहिला उपाय ठरत नाही, कारण ताणलेला भाग बहुधा पुन्हा अरुंद होतो. शस्त्रक्रियेनंतर जोड आवळला, तर मात्र फुगा उत्तम कामी येतो.

धोका नाहीच असे मी म्हणणार नाही. चिमटे लावलेले असताना मज्जारज्जूचा रक्तपुरवठा कमी होऊन पाय लुळे पडण्याची गुंतागुंत क्वचित होते, म्हणून त्या वेळी शरीर किंचित थंड ठेवतात. स्वराच्या नसेला इजा झाल्यास आवाज काही काळ बसतो. शस्त्रक्रियेनंतर लगेच दूध दिले नाही तर कृपया घाबरू नका. आतड्यांना एकदम भरपूर रक्त मिळू लागलेले असते, म्हणून दूध जपून, थोडे थोडे सुरू करतात.

जोड चांगला झाला तरी पुढे रक्तदाब वाढू शकतो, आणि अशा अनेक बाळांची महाधमनीची झडप तीनऐवजी दोन पाकळ्यांची असते, म्हणून तपासणी आयुष्यभर लागते. प्रत्येक भेटीत उजव्या हाताचा आणि पायाचा, असा दोन्हीकडचा रक्तदाब मोजून घ्या.