एकच रंगमंच, चार कॅमेरे

प्रश्न : दांडिया बाजारातील आमचे मंडळ गणेशोत्सवातील नाटकाचे चार कॅमेऱ्यांनी चित्रीकरण करते. चारही फायलींत दृश्य जवळजवळ तेच असूनही जागा चौपट लागते. या सारखेपणाचा लाभ घेऊन फायली लहान करता येतील का?
— एक वाचक, वडोदरा

उत्तर : तत्त्वतः येतील, मात्र आपल्या मंडळाला त्याचा फारसा लाभ होईल असे वाटत नाही. नेहमीचे कॉम्प्रेशन एकाच कॅमेऱ्याच्या लागोपाठच्या चौकटींतील (फ्रेममधील) साम्य शोधते, म्हणजे चौकटीचे लहान ठोकळे पाडून प्रत्येक ठोकळा किती सरकला आणि काय बदलले एवढेच नोंदवते. एच.२६४ या व्हिडिओ कॉम्प्रेशनच्या मानकाच्या बहुदृश्य (अनेक कॅमेऱ्यांसाठीच्या) विस्ताराने हीच युक्ती शेजारच्या कॅमेऱ्याच्या त्याच क्षणाच्या चौकटीला लागू केली, आणि एच.२६५ या त्याच्या पुढच्या मानकात ती २०१४ साली आली. थ्रीडी ब्लू-रेमध्ये उजव्या डोळ्याचे चित्र डाव्याच्या आधारे साठवल्याने साध्या चित्रपटाच्या दुप्पट नव्हे, तर साधारण दीडपट जागा पुरते.

ते दोन कॅमेरे मात्र दोन डोळ्यांइतके जवळ असतात. आपले कॅमेरे मधल्या मार्गिकेत आणि दोन्ही बाजूंना असणार. एकाला नटाचा चेहरा दिसतो तेव्हा दुसऱ्याला त्याचा कान दिसतो, आणि अशा वेळी एन्कोडरला (कॉम्प्रेशन करणाऱ्या प्रणालीला) शेजाऱ्यापेक्षा स्वतःची मागची चौकटच अधिक उपयोगी पडते. नाटकात तर नेपथ्य तासभर जागचे हलत नाही! शेजाऱ्याचा खरा उपयोग होतो तो जिथे मागची चौकट वापरता येत नाही अशा की-फ्रेमपाशी (मधूनमधून पूर्ण साठवलेल्या चौकटीपाशी), आणि तोही कॅमेऱ्यांचे शटर एकाच क्षणी उघडत असेल व उजेड-रंग जुळत असतील तरच. शिवाय आधाराची फाइल बिघडली, तर तिच्यावर विसंबलेल्या फायलीही उघडत नाहीत.

त्यापेक्षा कॅमेरे तिपाईवर घट्ट बसवावेत, एक्स्पोजर (उजेडाचे प्रमाण) व व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) स्वयंचलित न ठेवता एकदाच ठरवून द्यावेत, आणि अंधाऱ्या प्रवेशांत आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाबाबतची संवेदनशीलता) अवाजवी वाढवू नये. कारण त्याने वाढणारा चित्रातील दाणेदारपणा दर चौकटीत बदलतो आणि त्याचा अंदाज कोणत्याही मानकाला बांधता येत नाही. संकलन होईपर्यंत मूळ फायली जशाच्या तशा ठेवाव्यात. नंतर प्रत्येक फाइल एच.२६५ मध्ये स्वतंत्रपणे, की-फ्रेममधील अंतर वाढवून साठवल्यास, मूळ चित्रीकरण एच.२६४ मधील असेल तर, जागा निम्म्याच्या आसपास येऊ शकते.