उन्हाळी क्रूझची बॅग: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न: आम्ही दोघं सात रात्रींच्या उन्हाळी क्रूझला पहिल्यांदाच जातोय. जो तो 'कपडे कमी घ्या' म्हणतो. कमी म्हणजे नेमके किती?

उत्तर: माणशी हा हिशेब पुरतो: दिवसा घालायला चार सैल टी-शर्ट किंवा कुर्ते, दोन शॉर्ट्स, एक पातळ पँट, संध्याकाळच्या जेवणासाठी तीन जोड, ठेवणीतला एक जोड आणि आतले कपडे सहा. पोहण्याचे कपडे मात्र दोन हवेतच. तिथे काटकसर करू नका.

बहुतेक जण उन्हाचा विचार करून बॅग भरतात, पण खरा त्रास देते ती ओल. समुद्रावरची हवा दमट असते आणि बाल्कनी नसलेल्या केबिनची खिडकी उघडत नाही. सकाळी भिजलेला स्विमसूट दुपारपर्यंत वाळत नाही. तो तसाच ओला चढवला की जांघा घासून लाल होतात आणि पुढचे दोन दिवस चालणं जड जातं. समुद्रात उतरून आल्यावर कपडा आधी गोड्या पाण्यात दोनदा खळबळून घ्या. मीठ हवेतली ओल धरून ठेवतं, त्यामुळे न खळबळलेला कपडा वाळला असं वाटतं आणि रात्री पुन्हा दमट लागतो. मग हलक्या हाताने दाबून पाणी काढा, कोरड्या टॉवेलवर कपडा पसरा, टॉवेलसकट घट्ट वळकटी करा आणि तिच्यावर गुडघा रोवून दाब द्या. टॉवेल भिजतो, कपडा निम्मा कोरडा होतो. उरलेलं काम बाथरूममधल्या एक्झॉस्टच्या जाळीखाली टांगून होतं. बाल्कनीच्या कठड्यावर वाळत घालू नका, चालत्या जहाजावरचा वारा क्षणात उडवून नेतो.

जीन्स आणि जाड सुती कपडे घरीच राहू द्या. लिनन, पातळ सुती किंवा चटकन वाळणारं नायलॉन बरं. एक शाल किंवा पातळ जाकीट मात्र हवंच, कारण जहाजाच्या नाट्यगृहात आणि जेवणघरात एसी जोरात असतो. उन्हातून आलेल्या, घामेजल्या अंगाला तो बोचतो. टोपी हनुवटीखाली बांधायची नाडी असलेली घ्या. चपला दोनच जोड: डेकवर न घसरणारी सँडल आणि बंदरावर हिंडायला आधीच वापरलेले, पायात बसलेले बूट. ठेवणीतले कपडे सात रात्रींत एखाद-दोन संध्याकाळीच लागतात. तिकिटासोबतचे पोशाखाचे नियम वाचून ठरवा.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते. बार्बाडोस, जमैका, सेंट लुसिया अशा काही कॅरिबियन देशांत सामान्य नागरिकांनी लष्करी ठिपक्यांचे, म्हणजे कॅमोफ्लाज कपडे घालणं बेकायदेशीर आहे. लहान मुलांची पँट असली तरी तेच.

प्रश्न: बॅगा बंदरावरच ताब्यात घेतात म्हणे. मग हातात काय ठेवायचं?

उत्तर: मोठ्या बॅगा टर्मिनलवर दिल्या की त्या तपासणी होऊन केबिनच्या दाराशी येतात, पण कधीकधी संध्याकाळ होते. तोवर पोहण्याचा तलाव उघडा आणि तुम्ही प्रवासाच्या कपड्यांत, असं होतं. हातातल्या बॅगेत पासपोर्ट, बोर्डिंगचे कागद, सगळी औषधं, चष्मा, चार्जर, एक स्विमसूट, सनस्क्रीन आणि एक बदलायचा जोड हवा. औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आणि प्रवासापेक्षा तीन-चार दिवसांची जास्त घ्या. मोठी बॅग हरवली तर इतर सगळं विकत मिळेल, रक्तदाबाची ठरलेली गोळी मिळेलच असं नाही.

शेवटच्या रात्री हेच उलटं होतं. झोपण्यापूर्वी बॅगा दाराबाहेर ठेवायच्या असतात. दुसऱ्या दिवशीचे कपडे आणि चपला आधी बाजूला काढा, मगच बॅगेची चेन लावा.

प्रश्न: छोटी इस्त्री आणि एक्स्टेंशन बोर्ड नेला तर चालेल का?

उत्तर: इस्त्री, कपड्यांचा स्टीमर, पाणी तापवायची कॉइल, मेणबत्ती यांतलं काहीही नेऊ नका. समुद्रात आग लागली तर बाहेर पळायला जागा नसते, म्हणून तपासणीत या वस्तू काढून घेतात आणि उतरताना परत देतात.

सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे विजेच्या अचानक वाढलेल्या दाबापासून उपकरणं वाचवणारी सोय असलेला बोर्डही नको. जमिनीवरच्या वायरिंगमध्ये दोन तारांपैकी न्यूट्रल तार अर्थिंगशी, म्हणजे जमिनीशी जोडलेली असते. जहाजावर बहुधा दोन्ही तारा जहाजाच्या सांगाड्यापासून अलग असतात आणि सांगाड्याच्या मानाने दोन्हींत विजेचा दाब असतो. सर्ज प्रोटेक्टरचे भाग तारा आणि अर्थिंग यांच्यामध्ये बसवलेले असतात. या व्यवस्थेत ते तापून पेट घेऊ शकतात. चार-पाच खाचांचा साधा यूएसबी चार्जर पुरतो. केबिनच्या भिंती बहुतेक जहाजांवर पोलादी असतात, तेव्हा चार चुंबकी हुक घेतले की टोप्या, ओले टॉवेल, गळ्यात अडकवायचं केबिनचं कार्ड सगळं भिंतीवर जातं आणि चालायला जमीन मोकळी राहते.

प्रश्न: सनस्क्रीनच्या किती बाटल्या लागतील?

उत्तर: मोठ्या माणसाच्या पूर्ण अंगाला एका वेळी सुमारे ३० मिली लागतं. यापेक्षा पातळ थर दिला तर बाटलीवरचा एसपीएफचा आकडा मिळत नाही. दर दोन तासांनी आणि पाण्यातून बाहेर आल्यावर पुन्हा लावायचं. लांब बाह्यांचा पोहण्याचा शर्ट घातला तर मात्र १५ मिलीवर भागतं. दिवसातून तीनदा, उन्हाचे पाच दिवस धरले तर माणशी २२५ मिली. दोघांना अर्धा लिटर घ्या, एसपीएफ ३० किंवा जास्त. हवाईत ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेल्या सनस्क्रीनच्या विक्रीवर २०२१ पासून बंदी आहे, कारण ही रसायनं प्रवाळांना घातक मानली जातात. प्रवाळ असलेल्या पाण्यात उतरणार असाल तर झिंक ऑक्साइडचं घ्या. अव्होबेन्झोन असलेलं सनस्क्रीन पांढऱ्या कपड्याला लागलं आणि पाण्यात लोह असलं तर धुतल्यावर गंजासारखे डाग उमटतात, म्हणून पांढरा शर्ट तेवढा जपा.

प्रश्न: बोट लागण्याची भीती वाटते.

उत्तर: मेक्लिझिनची गोळी जहाज सुटण्याच्या तासभर आधी घ्यायची असते. उलटी सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. स्कोपोलामाइनची पट्टी कानामागे लावतात, किमान चार तास आधी, आणि ती तीन दिवस चालते. काचबिंदू किंवा लघवी अडण्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यांतलं काहीच घेऊ नका. पट्टी लावल्यावर हात साबणाने स्वच्छ धुवा. तेच बोट डोळ्याला लागलं तर बाहुली मोठी होऊन अंधुक दिसतं.