आधी पोचपावती दाखव

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझी मेल दोनदा वाचली. टेक्सासचं ते जोडपं, त्यांच्या अंगाखांद्यावर खेळणारं, नव्हाहो आणि चेरोकी या अमेरिकेतल्या मूलनिवासी जमातींचं मूल आणि मध्ये आडवा येणारा १९७८चा इंडियन चाइल्ड वेल्फेअर ॲक्ट, म्हणजे अशी मुलं दत्तक देताना आधी नातेवाईक आणि जमात बघायला लावणारा अमेरिकी कायदा. 'सर, हा कायदाच वंश बघून वागतो असं वाटायला लागलंय,' असं लिहिलंयस. तुझं मन जोडप्याकडे झुकलं याचा मला राग नाही. तीन पानांच्या मेलमध्ये 'नोटीस' हा शब्द एकदाही नाही, याचा आहे.

घटनेतली समता नंतर. आधी त्या कायद्याचं कलम १९१२ वाच. आईबापांच्या मर्जीविरुद्ध मूल घराबाहेर ठेवायचं तर त्यांना आणि त्यांच्या जमातीला रजिस्टर्ड पोस्टाने, पोचपावतीसह कळवायचं. ही नोटीस पोचून १० दिवस होईपर्यंत सुनावणी नाही. त्यांनी मागितले तर तयारीला आणखी २० दिवस. आपल्या आरपीएडीसारखंच. एवढी साधी गोष्ट अमेरिकी संसदेला लिहून का द्यावी लागली? कारण आधीच्या पाहण्यांत शंभर मूलनिवासी मुलांतली २५ ते ३५ घरापासून तुटलेली सापडली होती. मूल आजीकडे वाढतंय म्हणजे आईने टाकलंय, असा शेरा मारणारे समाजसेवक होते. आपण सगळे कोणाकडे वाढलो गं?

माझं सांगतो. वकिलीचं चौथं वर्ष होतं. पाड्यावरची एक मुलगी, आई गेलेली, दत्तकाचा अर्ज माझ्या हाती. अहवालात एक ओळ होती: 'कोणीही नातेवाईक पुढे आले नाहीत.' आजी दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेली होती, हे मला ठाऊक होतं. पत्ता काढता आला असता. न्यायाधीशांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. घर चांगलं होतं, कागद नियमात होते, मुलगी पुढे शिकलीही म्हणे. आजही त्या अर्जात मला खोट काढता येत नाही. पावसाच्या तोंडावर म्हातारी कोर्टाच्या आवारात आली, तेव्हा मी दुसऱ्या कोर्टात होतो असं कारकुनाने तिला सांगितलं. मी कँटीनमध्ये होतो.

म्हणून सांगतो, आधी नोटीस बघ.

'जमातीला विचारलं तर ती माणसं मूल घेऊन जातील' ही तुझी भीती. मिसिसिपीच्या चॉक्टॉ जमातीतल्या जुळ्यांचा खटला काढ, १९८९चा. आईबाप जमातीच्या राखीव प्रदेशातले, बाळंतपण मुद्दाम दोनशे मैल लांब, आणि दत्तक परस्पर. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, मुलांचं घर राखीव प्रदेशातच, निर्णय जमातीच्या न्यायालयाचा. मग त्या न्यायालयाने काय केलं? मुलं दत्तक आईकडेच ठेवली. ठरवायचा हक्क त्यांचा होता, इतकंच. वाचलं होतंस हे?

आता तुझा मेमो. १५ जून २०२३ला ब्रॅकीन खटल्यात, म्हणजे तुझ्या त्या जोडप्याच्याच, सर्वोच्च न्यायालयात ७ विरुद्ध २ने कायदा टिकला. संसदेला असा कायदा करायचा अधिकार नाही, राज्यांना वेठीला धरलंय, हे दोन्ही मुद्दे न्या. बॅरेट यांनी फेटाळले. समतेचा मुद्दा मात्र तपासलाच नाही, कारण तो मांडायला दाद मागणारेच पात्र ठरले नाहीत. न्या. कॅव्हनॉ यांनी तो गंभीर आहे असं वेगळं लिहून ठेवलंय. तेव्हा प्रश्न जिवंत आहे, आणि तू मूर्ख नाहीस. पण उत्तर देताना १९७४चा मँकारी निकाल सोडू नकोस: जमातीचं सदस्यत्व हे राजकीय नातं आहे, वंश नव्हे. या कायद्यातही मूल सदस्य असावं लागतं, किंवा सदस्याचं पोटचं आणि सदस्यत्वाला पात्र. नुसतं रक्त पुरत नाही. हे तुला पटलंच पाहिजे असं नाही. मलाही पटायला वेळ लागला, आणि तोवर माझं वय झालं.

तुझ्या लॉ क्लिनिकमधली ती फाइल उघड. जमातीला नोटीस गेली का, कुठल्या पत्त्यावर, पोचपावतीवर तारीख कोणती आणि सही कोणाची, ते मला लिही. पावती नसेल तर तुझ्या वरिष्ठांना आजच सांग. पुढच्या सुनावणीची वाट बघू नकोस. तोवर समतेवरची एक ओळही मला पाठवू नकोस, वाचणार नाही.

थंडी फार असेल तिकडे. जेवतेस ना वेळेवर?

तुझा,
सर